गुरुचरित्राचा बत्तिसावा अध्याय घरातल्या विधवा बाईसमोर वाचायचा का?

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यातच राहिला, म्हणून जरा मोठं लिहायली, सावकाश वाचा. मला समजलं ते असं. हिंगोलीकडचं तुमचं घर, दत्त जयंतीला गुरुचरित्राचा सप्ताह पूर्वीपासून चालत आलेला, सासूबाई स्वतः पाटावर बसून मोठ्यानं वाचतात आणि सगळं घर ऐकतं. गेल्या वर्षी चौथ्या दिवशी विधवेच्या आचाराचा अध्याय लागला आणि तुमची धाकटी जाऊ, जिचे मालक जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, ती मधूनच उठून आत गेली. सासूबाई म्हणाल्या पारायणातून असं उठू नये, दोष लागतो. तुमचे मिस्टर म्हणाले असली पोथी घरातच नको. आणि आता तुम्ही विचारायल्यात की यंदा तो अध्याय गाळला तर पाप लागंल का.

पाप लागत नाही, हे आधीच सांगून टाकते म्हणजे तुमचा जीव थोडा खाली पडंल. पण ताई, गाळायचं का वाचायचं हा तुमचा खरा प्रश्न नाहीच असं मला वाटतं. ज्या ग्रंथापुढं आपण डोकं टेकवतो त्यातच आपल्या घरच्या माणसाला घायाळ करणारं लिहिलेलं असंल तर काय करायचं, ग्रंथाचं ऐकायचं का त्या माणसाकडं बघायचं, हा तुमचा प्रश्न आहे. परभणी जिल्ह्यात मी प्रवचन करते, गुरुचरित्राच्या सप्ताहाला वाचक म्हणूनही बसते, आणि हा प्रश्न मला गावोगाव बायका विचारतात, पण समोर कोणी विचारत नाही, पोथी बांधून ठेवल्यावर चहाच्या वेळेला हळूच विचारतात. आपल्या मराठवाड्यात नापिकीपायी, कर्जापायी कमी वयात नवरा गेलेल्या पोरी इतक्या गावांत आहेत की तो अध्याय कुठंही वाचला तरी ऐकणाऱ्यांत एखादी असतेच.

आता पोथीत काय आहे ते सरळ सांगते, कारण निम्मा घोळ अर्धवट ऐकल्यानं होतो. सात दिवसांच्या पारायणाची जी सर्रास चालणारी वाटणी आहे, पहिल्या दिवशी ९ पर्यंत, मग २१, मग २९ आणि चौथ्या दिवशी ३५ पर्यंत, तिच्यामुळं ३० ते ३५ हे अध्याय एकाच दिवशी येतात. त्यात गोष्ट आपल्याच माहूरची आहे. माहूरच्या गोपीनाथ नावाच्या ब्राह्मणाचा मुलगा क्षयानं खंगतो, त्याची तरुण बायको त्याला घेऊन एवढ्या लांब गाणगापूरला श्रीगुरू नृसिंह सरस्वतींकडं येते आणि तिथं पोचता पोचताच तो जातो. ती एकटी, परक्या गावात, मांडीवर प्रेत. तेवढ्यात एक तपस्वी येतो, तिची समजूत काढतो, आणि ३१ व्या अध्यायात पतिव्रतेचा धर्म, ३२ व्यात सहगमन, म्हणजे नवऱ्यामागं सती जाणं, आणि विधवेचे आचार सांगतो. सती गेलेल्या बाईला पावलापावलाला अश्वमेधाचं पुण्य, आणि मागं राहिली तर डोक्याचे केस काढावेत, एक वेळ जेवावं, पलंगावर निजू नये, सुगंधी काही लावू नये, असं सगळं त्यात आहे. हे वाचताना माझा स्वतःचा आवाज बारीक होतो, खोटं कशाला बोलू.

हे नियम मूळचे गुरुचरित्रातले नाहीत बरं का. स्कंदपुराणातल्या काशीखंडात बृहस्पती अगस्तींसमोर त्यांच्या बायकोची, लोपामुद्रेची, स्तुती करतात आणि मग बायकांचा धर्म सांगतात, तिथून ते आलेत, केस काढण्याचा नियमसुद्धा तिथलाच. गुरुचरित्र लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांनी ते मराठीत ओव्यांत आणले. म्हणजे श्रीगुरूंची लीला सांगता सांगता त्या काळात धर्मशास्त्र म्हणून जे मानलं जायचं तेही त्यांनी पोथीत भरलं, आणि एकट्या ३२ व्या अध्यायात नाही, जागोजागी भरलं.

आता यातून सुटायला आमच्यातले लोक काय काय करतात ते सांगते, मीही ते सगळं ऐकत आलेय. एक म्हणतात हे रूपक आहे, विधवा म्हणजे परमात्म्यावाचूनचा जीव. ऐकायला गोड वाटतं पण मला ते पटत नाही. वस्तरा काही जीवाच्या डोक्यावरून फिरला नाही, चालत्याबोलत्या बायकांच्या डोक्यावरून फिरला, आणि फिरवताना अशाच ओव्यांचा आधार घेतला. ज्या ओवीनं खऱ्या बाईला त्रास झाला ती आज नुसतं रूपक म्हणून सोडवली तर त्या बाईचं दुःखही आपण रूपक करून टाकतो. दुसरे म्हणतात हे त्या कोणा तपस्व्याचं बोलणं, श्रीगुरूंचं नव्हे. तेही जमत नाही, कारण ३३ व्या अध्यायात श्रीगुरू स्वतः सांगतात की वेष पालटून मीच आलो होतो, तुझी भक्ती बघायला. तिसरे त्याच ओव्या धरून म्हणतात, बघा ही नुसती परीक्षा होती. परीक्षा होती हे खरंय, पण ते नियम खोटे होते असं पोथी कुठंच म्हणत नाही, त्यामुळं तेवढ्यावर भागत नाही.

मंग मी कसं वाचते? आधी गोष्ट कुठं जाऊन थांबते ते बघते. ते सगळं ऐकून ती पोरगी सती जायला निघते, वाणं वाटते, आणि जायच्या आधी श्रीगुरूंच्या पाया पडायला येते. तिथं श्रीगुरूंच्या तोंडून काय निघतं? सौभाग्यवती हो, अष्टपुत्रा हो. लोक म्हणतात अहो हिचा नवरा तर गेलाय. आणि ३२ वा अध्याय संपायच्या आत रुद्राच्या तीर्थानं तो उठून बसतो. म्हणजे शास्त्रानं तिच्यापुढं दोनच वाटा ठेवल्या होत्या, चिता नाहीतर वैधव्य, आणि गुरूनं तिला दोन्हींतल्या एकीवरही जाऊ दिलं नाही. हे मला फार मोठं वाटतं. पण इथंच थांबून ‘बघा, सगळं गोड झालं’ असं मी म्हणत नाही, कारण तुमच्या जावेचा नवरा उठून बसणार नाहीये. पोथीतल्या बाईची सुटका नवरा परत मिळाल्यानं झाली, जिचा परत येत नाही तिनं काय करायचं याचं उत्तर त्या अध्यायात नियमांपलीकडं नाही. इथं पोथी अपुरी पडते आणि मी पाटावर बसून तसं सांगते. आतापर्यंत कोणी उठून मला मारलं नाही, उलट मागं बसलेल्या म्हाताऱ्या बायका मान हलवतात.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे ताई, आणि ते मला पारायणातच सुचत गेलं. सप्ताहाला बसणाऱ्याचे नियम आठवा. एक वेळ जेवण, गादी सोडून खाली चटई-घोंगडीवर निजणं, ब्रह्मचर्य, अत्तर-साबण-शृंगार नाही, बाहेरचं खाणं नाही, बोलणं कमी. आता ३२ व्या अध्यायातले विधवेचे नियम शेजारी ठेवून बघा. केस काढणं सोडलं तर जवळजवळ तेच आहेत. तेच नियम आपण सात दिवस आनंदानं पाळतो, घरचे लोक आपल्याला जपतात, कौतुक करतात, आपल्याला हलकं वाटतं. कारण पहिल्या दिवशी आपण हातात पाणी घेऊन, आपलं नाव-गोत्र उच्चारून संकल्प सोडलेला असतो. आपल्या धर्मात संकल्पाशिवाय व्रत होत नाही, हे लहान पोरालाही माहिती. मंग त्या बाईनं संकल्प कधी सोडला? कोणी विचारलं तिला? दुसऱ्याच्या नावानं घरच्यांनी परस्पर संकल्प सोडायचा आणि तो तिनं मरेपर्यंत फेडायचा, याला मी व्रत म्हणत नाही, ती शिक्षा आहे, आणि गुन्हा काही नसताना दिलेली. म्हणून माझी कसोटी ही: अवघड ओवी आली की ती कुणावर नियम लादायलीय का, आणि ज्याच्यावर लादायलीय त्यानं तो आपण होऊन घेतलाय का, ते बघायचं. एखादी बाई नवरा गेल्यावर स्वतःहून एकभुक्त राहते, जमिनीवर निजते, तिच्या मनाला त्यानं शांती मिळते, तर तो तिचा संकल्प, तिला कोणी हिणवू नये. पण तोच नियम पोथी दाखवून दुसरीवर टाकता येत नाही.

लोक म्हणतील तू कोण ठरवणार, ग्रंथात लिहिलंय ते लिहिलंय. त्यांना मी म्हणते, ठरवतो तर आपण सगळेच. सहगमन याच अध्यायात आहे, कोणी करतं का? १८२९ साली इंग्रजांनी सतीवर बंदी घातली आणि १९८७ च्या कायद्यानं सतीचा उदोउदो करणं हासुद्धा गुन्हा आहे. केस काढणं आपल्या घरांतून कधीच गेलं. म्हणजे अध्यायातलं मोठं मोठं आपण आधीच सोडून दिलंय आणि कोणाला दोष लागला नाही, मंग राहिलंय काय, तर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, हळदीकुंकवाला न बोलावणं, ओटी न भरणं. हे शेवटचे तुकडे तेवढे आपण देवाची आज्ञा म्हणून घट्ट धरून बसलोय. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांच्या या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. हे हेरवाड कुठं आहे, शिरोळ तालुक्यात, म्हणजे जिथं श्रीगुरू बारा वर्षं राहिले त्या नरसोबाच्या वाडीच्याच तालुक्यात. मला ते वाचून फार बरं वाटलं होतं.

आणि असा प्रश्न विचारणं म्हणजे श्रद्धा ढळली असं बिलकुल समजू नका. आपल्याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, देवगावात जन्मलेल्या आणि शिऊरला राहिलेल्या संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात हेच विचारलंय. वेद आणि पुराणं ओरडून सांगतात की बाईच्या संगतीत हित नाही, आणि मंग त्या म्हणतात, ‘मी तो सहज स्त्रियेचाचि देह । परमार्थाची सोय आतां कैंची’. नवऱ्याचा मार खाल्लेली बाई ती, तुकोबांना गुरू केलं म्हणून. तिनं शास्त्र फेकून दिलं नाही, पतिसेवेचे अभंगही तिनं लिहिलेत, पण शास्त्र आपल्याला कुठं दुखवतं ते लपवलंही नाही, अभंगातच घालून ठेवलं. आणि गंगाखेडच्या जनाबाई म्हणून गेल्या, ‘स्त्रीजन्म म्हणवुनी न व्हावें उदास’. या बायकांच्या मुलखातले आपण. गुरुचरित्रातच बघा ना, याच चौथ्या दिवशी ३५ व्या अध्यायात बाईला मंत्र देऊ नये असं येतं. आधी २७ व्यात श्रीगुरू एका पतिताकडून वेद म्हणवून घेऊन गर्विष्ठ पंडितांना गप्प करतात, आणि लगेच २८ व्यात त्याला परत त्याच्या जागी धाडतात. करुणा आणि त्या काळची उतरंड, दोन्ही एकाच पोथीत एकमेकांना चिकटून आहेत, आणि वाचणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून वाचावं लागतं.

तुमच्या मिस्टरांचा राग मला समजतो, भावजयीसाठी त्यांचं काळीज तुटलंय म्हणून ते बोलले, त्यांच्याशी वाद घालू नका. पण पोथीच घरातून काढा याला मी हो म्हणणार नाही. त्याच पोथीत ४७ व्या अध्यायात तो ज्वारीवाला शेतकरी आहे, गुरूंच्या शब्दावर उभं कच्चं पीक कापणारा, सगळा गाव त्याला वेडा म्हणतो, आणि पुढं सगळ्यांची पिकं जातात आणि याचंच पुन्हा फुटून येतं. आमच्याकडं हा अध्याय लागला की गडीमाणसं हातातलं काम सोडून ऐकायला येऊन बसतात. एवढं सगळं एका अध्यायापायी टाकून द्यायचं नाही.

आता सासूबाईंचं. तुम्ही ओघात लिहून गेलात की मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली. ताई, तुमच्या पूर्ण प्रश्नात मला हेच वाक्य सगळ्यात मोठं वाटलं. म्हणजे तो अध्याय त्या स्वतः विधवा असताना दरवर्षी मोठ्यानं वाचत आल्यात. त्यांनी त्यातले नियम कितीतरी पाळले असतील, पोरं लहान असताना, मन मारून. आता तुम्ही जाऊन म्हणालात की हा अध्याय चुकीचा आहे, गाळू या, तर त्यांना काय ऐकू येईल? की तुमचं एवढं सगळं सोसणं फुकट गेलं. म्हणून त्या अडून बसतात, दुष्टपणानं नाही. त्यांच्याशी शास्त्रावरून बोलू नका. दुपारी निवांत बसून एवढंच विचारा, की आई, मामंजी गेल्यावर हा अध्याय पहिल्यांदा वाचला तेव्हा तुम्हाला कसं वाटलं होतं? आणि मंग गप्प बसा, त्यांना बोलू द्या. असं बोलणं घडवून आणल्यावर सासूनंच पुढच्या वर्षी सुनेला उठायची मोकळीक दिली, हे मी माझ्या माहितीतल्या घरांत पाहिलंय. सगळ्याच घरांत असं होईल असं नाही, काहींचा राग इतका आत मुरलेला असतो की बोलून जात नाही, तुमच्या घरचं तुम्हालाच माहीत.

प्रत्यक्षात काय करायचं हे बरंचसं तुमच्या जावेवर आहे, आणि तिलाच अजून कोणी विचारलेलं दिसत नाही. सप्ताहाच्या आधी तिला एकटीला गाठून विचारा. तिला बसायचं नसंल तर त्या दिवशी ती शेतात जाऊ दे, माहेरी जाऊ दे, नाहीतर स्वयंपाकघरात राहू दे, आणि ‘उठली’ म्हणून कोणी काही बोलणार नाही याची जबाबदारी तुमची. ती म्हणाली मी बसते, तर वाचन कसं करायचं ते नीट करा. मी ३१ वा लागायच्या आधी पोथीवर हात ठेवून दोन मिनिटं थांबते आणि सांगते की पुढं जे नियम येतायत ते जुन्या काळचे आहेत, आपण ते ऐकणार आहोत पण इथं बसलेल्या कुठल्याही बाईला ते लागू नाहीत. सासूबाई तयार असतील तर त्यांनीच हे बोलावं, त्यांच्या तोंडून आलेलं जास्त लागंल. दुसरं, ३० ते ३२ सलग वाचा. मध्ये आरती, चहा, काही नको. बऱ्याच घरांत ३१ संपला की उठतात, किंवा ३२ व्यात नियम झाले की लोकं इकडंतिकडं होतात आणि बाईच्या कानात तेवढेच नियम राहतात. नवरा उठून बसतो तिथपर्यंत जाऊनच थांबायचं.

आणि गाळायचंच ठरलं तर गुपचूप गाळू नका, ‘हा भाग आम्ही वाचत नाही’ असं सांगून गाळा. न बोलता वगळलेलं पोथीत तसंच राहतं आणि उद्या दुसरा कोणी ते काढून तिच्यावरच उगारतो. संक्षेप करणं तर दत्त संप्रदायातच आहे, त्यातलेच मोठे संन्यासी टेंबे स्वामी, त्यांनी स्वतः सप्तशती गुरुचरित्र सार केलं, हजारो लोक त्याचंच पारायण करतात. सासूबाईंना मोठ्यानं वाचण्याचा आग्रह सोडवत नसंल तर तेवढे अध्याय त्यांनी मनात वाचावेत, हाही मार्ग आहे, पारायण पूर्ण होतं.

शेवटी तुम्ही विचारलंय की जावेला समाप्तीला पुढं घेतलं तर चालंल का. तिला मागं ठेवा असं सांगणारी ओवी तुम्हाला कोणी दाखवायला लागलं तर वर संकल्पाचं लिहिलंय तेच त्यांना सांगा. दत्ताला फुलं तिच्या हातून वाहू द्या, आरतीचं ताट तिच्या हाती द्या, नैवेद्याचा स्वयंपाक ती करतेच की. उद्यापनाला तुमच्याकडं ब्राह्मण-सवाष्ण जेवायला सांगत असाल तर त्याच पंगतीत तिचं पान मांडा, वेगळं नको, आणि ओटी भरताना तिचीही भरा. तिची इच्छा असंल तर पुढच्या वर्षी सासूबाईंच्या शेजारी दुसरा पाट टाकून तिलाही वाचायला बसवा, संकल्प तिनं स्वतःच्या नावानं सोडावा. पूर्ण सात दिवस झेपत नसतील तर नुसता चौदावा अध्याय रोज वाचायला सांगा, श्रीगुरूंचा भक्त सायंदेव याचा, संकटात बऱ्याच घरांतून तो वाचतात. त्याला वेळही फार लागत नाही.